स्टोव्ह मी पेटवला

कमलआत्या कामावरून आली की आधी मोरीत शिरायची. चपला दारात, पिशवी खुंटीला, आणि कुणाशी एक शब्द न बोलता थेट मोरीत. बेसनात खोबरेल कालवून ती कोपरापर्यंत हात चोळायची, तरी बाहेर आल्यावर तिच्या हातांना थिनरचा वास यायचाच. मला तो वास आवडायचा. ती माझे केस विंचरायला बसली की मी डोळे मिटून तो नाकात भरून घ्यायचे. आईला मात्र तो सहन होत नसे. "कमल, भाकऱ्या मीच थापते हो, तू नुसती बस," असं ती रोज म्हणायची आणि आत्या रोज तिच्या हातातला पिठाचा गोळा काढून घ्यायची. तांदळाची भाकरी आत्यासारखी आमच्या घरात कुणाला जमली नाही. सोबत सुकटीची चटणी नाहीतर कुळथाची पिठी. आम्ही रत्नागिरीकडचे, वाशीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही जेवण तिकडचंच होतं.

तेव्हाची वाशी आज सांगून कुणाला पटत नाही. आमच्या बिल्डिंगीपुढे खाडीपर्यंत नुसता चिखल आणि तिवरं. दिवस कलला की त्या तिवरांतून कोल्हे ओरडायचे. बाबा मुंबईत सरकारी कचेरीत कारकून होते. बसने खाडीपूल ओलांडून येईपर्यंत त्यांना अंधार पडायचा. आल्यावर ते दाराला आतून कडी घालायचे, थोड्या वेळाने उठून ती ओढून बघायचे, आणि झोपताना पुन्हा एकदा. गावात लहानपणी त्यांनी काय काय पाहिलं होतं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पण वर्दीतला पोस्टमन जरी दारात आला तरी ते उठून उभे राहत. संध्याकाळी आम्ही सगळे मिळून बुद्धवंदना म्हणायचो, तेव्हा मात्र त्यांचा आवाज खणखणीत लागायचा. तेवढाच वेळ ते कुणाला भीत नाहीत असं वाटायचं.

आत्या त्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, मग बाबा तिला घेऊन आले. वाशीजवळच्या पावणे गावाच्या औद्योगिक पट्ट्यात रंग आणि थिनर डब्यांत भरणारा एक छोटा कारखाना होता. तिथे ती पॅकिंगला लागली. पुढे पत्र्याची शेड, मागे गोदाम. शेडमध्ये सगळ्या बायका काम करायच्या. चार वाजता चहा व्हायचा, तो आत्या करायची, कोपऱ्यातल्या वातीच्या स्टोव्हवर. पहिला कप पावणे गावातल्या हिरामण पाटलांना, कारण वॉचमन म्हणून त्यांना दारातून हलता यायचं नाही. बायकांच्या वतीने बोलायचं असेल तर आत्याच पुढे. गोदामात जागा उरली नाही म्हणून मालकाने थिनरची पिंपं शेडमध्ये आणून ठेवली, तेव्हा ती सगळ्यांसमोर त्याला म्हणाली होती, "शेठ, हे असंच राहिलं तर एक दिवस सगळं पेटेल." घरी येऊन तिने ते आम्हाला हसत हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत. "मालकाशी असं बोलतात का?" एवढंच म्हणाले.

आणि एक दिवस ते पेटलं. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. आत्या नुकतीच घरी येऊन मोरीत होती. पावण्याच्या दिशेला आधी एक काळी रेघ दिसली, मग बघता बघता ती आभाळभर पसरली. पिंपं फुटल्याचे आवाज आमच्यापर्यंत आले. मी ओरडत खाली गेले तेव्हा आत्या ओल्या हातांनी दारात उभी होती. तिने मला काही विचारलं नाही. चपलासुद्धा न घालता ती जिना उतरून पळत सुटली. परत आली तेव्हा तिचा चेहरा काजळीने भरला होता. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "हिरामणदादा आत राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. आई भाताचं पाणी वेळून काढत होती. मी दार उघडलं. बाहेर फौजदार, दोन शिपाई आणि त्यांच्या मागे कारखान्याचा मालक. फौजदार चप्पल-बूट काही न काढता आत आले आणि बाबांच्या खुर्चीत बसले. बाबा उभेच. "कमल कोण?" फौजदारांनी विचारलं. आत्या पुढे झाली. "काल शेडमध्ये स्टोव्ह कुणी पेटवला?"

"मी पेटवला होता."

"ऐकलंत ना?" मालक म्हणाला. "आणि सगळं पेटेल अशी धमकी पण हिनेच दिली होती. बायकांची पुढारी आहे ही."

आत्या काही बोलणार तोच फौजदारांनी हात वर केला. एक शिपाई आमच्या स्वयंपाकघरात गेला आणि रॉकेलचा डबा उचलून बाहेर आला. रेशनचं रॉकेल. तसला डबा त्या बिल्डिंगीत प्रत्येक घरात होता. आई म्हणाली, "साहेब, स्वयंपाक कशावर करू?" त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत्याला ते घेऊन गेले तेव्हा जिन्यातली सगळी दारं अर्धवट उघडी होती, आणि आम्ही खाली जीपपर्यंत जाऊन वर आलो तोवर सगळी बंद झाली होती.

त्यानंतरचे दिवस मला आवाजांनी आठवतात. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की आम्ही तिघं बोलायचं थांबायचो. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली की श्वास सोडायचो, पुढे चढली की आई माझा हात धरायची. खाली जीपचा हॉर्न वाजला तर बाबा खिडकीपासून लांब सरकून उभे राहत. शेजारची बाई, जी रोज साखर मागायला यायची, ती फिरकेनाशी झाली. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, पण बाबांनी मला घराबाहेर पडू दिलं नाही. अजूनही कधी कुणी अवेळी बेल वाजवली की मी बोलता बोलता थांबते आणि जिन्यावरची पावलं मोजते. मी आता आजी झाले आहे, दाराला बाहेरचं दिसणारं भिंग आहे, खाली सोसायटीचा वॉचमन आहे. तरी मोजते.

बाबा चौकीवर जाऊन आले ते भुईला खिळल्यासारखे बसले. "तिने कबूल केलंय म्हणतात," ते म्हणाले. "फौजदारांनीच सांगितलं. आता मॅजिस्ट्रेटपुढे एकदा सांगितलं की झालं. म्हणाले, तुमची सरकारी नोकरी आहे, घरात रॉकेल सापडलंय, कटात तुमचं नाव घ्यायला मला किती वेळ लागतो? बहिणीने नीट कबूल केलं तर तुम्हाला कुणी हात लावणार नाही. तीही वर्षा-दोन वर्षांत सुटेल."

"काय कबूल केलंय तिने?" आईने विचारलं.

"गुन्हा."

"म्हणजे नेमकं काय म्हणाली ती?"

बाबांना ते माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं. आई उठली, पदर खांद्यावर घेतला, मला म्हणाली, "चल वैजू," आणि आम्ही तळमजल्यावर लिमये वकिलांकडे गेलो. लिमये म्हणजे बिल्डिंगीतले एकमेव वकील. फ्लॅटचे करारनामे करून द्यायचे, संध्याकाळी लुंगी नेसून तुळशीला पाणी घालायचे. आईने सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, मी खरेदीखतं करणारा माणूस. फौजदारी कधी केली नाही मी. हे जन्मठेपेचं प्रकरण आहे." जन्मठेप हा शब्द तोवर आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. मी आईचा पदर घट्ट धरला. आई मात्र हलली नाही. म्हणाली, "दुसरा वकील आम्हाला माहीत नाही. तुम्हाला पुस्तक वाचता येतं ना? मग वाचा."

लिमयांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यांना खोकला होता, मधून मधून थांबायचे. वाचता वाचता मान वर करून त्यांनी मला विचारलं, "घरातून नेलं तेव्हा तू होतीस ना? आत्या काय म्हणाली? तिचे शब्द सांग. अर्थ नको सांगूस, शब्द सांग."

"म्हणाली, मी पेटवला होता."

"पेटवला? की पेटवलं?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. फौजदारांनी स्टोव्हबद्दल विचारलं होतं. "पेटवला," मी म्हणाले. "स्टोव्ह."

लिमये खुर्चीत मागे टेकले. त्या दिवशी त्यांनी आम्हाला जे समजावलं ते मी आजही जवळजवळ तसंच सांगू शकते. कारण मी ते जीव मुठीत धरून ऐकत होते. ते म्हणाले, "हे बघा. स्टोव्ह मी पेटवला, ही नुसती कबुली झाली. एक गोष्ट घडली, ती माझ्या हातून घडली, एवढंच. त्यात गुन्हा नाही. चहा करायला रोज पेटवत होती. ती गोष्ट खरी आहे, ती कोर्टात येणार, येऊ दे. कबुलीने माणूस बुडत नाही, त्यापुढे बाकीच्या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पण गोदाम मी पेटवलं, हा कबुलीजबाब. त्यात गुन्हाच सगळा आला. तो एकदा कायदेशीर झाला की मग दुसरा पुरावा शोधायला कुणी फारसं जात नाही."

"पण चौकीत ती बोलून बसली असेल तर?" आईने विचारलं.

"चौकीत बोलली ते पाण्यात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, कायदाच आहे तसा. का, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून तर फौजदार तिला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायच्या मागे आहे. तिथे ती आपल्या खुशीने म्हणून बोलली, की काळ्या दगडावरची रेघ." मग ते एकदम पुढे वाकले. "तिला पोलिसांनी कुठे नेलं होतं का? तिने काही काढून दिलं? एखादी वस्तू? तिच्या सांगण्यावरून काही सापडलं तर तेवढं बोलणं मात्र चालतं."

आम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसण्याची ती भीती सगळ्यांत वाईट होती.

लिमये दुसऱ्या दिवशी काळा कोट घालून चौकीवर गेले आणि अर्ध्या तासात परत आले. फौजदारांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. कोट काढून हातात धरून ते आमच्याकडे आले, आणि मला वाटलं आता हेही हात वर करणार. पण ते म्हणाले, "जेवणाचा डबा नेऊ देतात का?" नेऊ देत होते. रोज बाबा न्यायचे. "मग डब्याबरोबर वैजू जाऊ दे. मुलीकडे कुणी लक्ष देणार नाही. वैजू, एवढंच सांग तिला. स्टोव्ह म्हण, गोदाम म्हणू नकोस. खोटं काही बोलायचं नाही आणि खऱ्याच्या पुढे जायचं नाही."

आईने डब्यात भाकरी आणि सुकट भरली. बाबा आणि मी निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, नाल्याला निळंजांभळं पाणी. मी मनातल्या मनात ते वाक्य घोकत होते आणि घोकता घोकता उलटंपालटं होईल अशी मला धास्ती वाटत होती. स्टोव्हच्या जागी गोदाम तोंडातून गेलं तर? चौकी जवळ आली तसा बाबांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

आत्याला बाहेरच्या खोलीत आणलं. एक बाई पोलीस तिच्या मागे उभी. फौजदार टेबलाशी बसून चहा पीत होते. आत्याच्या अंगावर तेच पातळ होतं, केस सुटलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यावर काहीतरी सुकलेलं. मी तिकडे बघितलं आणि नजर खाली केली. ती माझ्याकडे बघून हसली. हसल्यावर तिला दुखलं, ते मला दिसलं.

फौजदार बाबांना म्हणाले, "सांगा तुमच्या बहिणीला. शहाणी आहे, पण जरा हट्टी आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "कमल, कबूल करून टाक. साहेब म्हणतात कमी शिक्षा होईल."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मी तिला इतका वेळ कुणाकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "दादा, तुला काही करणार नाहीत ना मग?"

बाबांनी फौजदारांकडे पाहिलं. फौजदारच म्हणाले, "काही नाही करणार."

"बरं," आत्या म्हणाली.

माझ्या हातात डबा होता. तिथून पळून जावं असं मला वाटलं. फौजदार माझ्यापासून हातभर अंतरावर. मी डबा पुढे केला आणि भाकरीबद्दल बोलावं तसं बोलले. "आत्या, आईने सांगितलंय, स्टोव्ह तू पेटवलास तेवढं सांग. गोदाम पेटवलंस असं म्हणू नकोस. इथलं बोललेलं चालत नाही. मॅजिस्ट्रेटपुढचं चालतं."

कप बशीवर आपटला. "कोण शिकवतं गं तुला?" फौजदार उठले. मी मागे सरले ती भिंतीला लागले. बाबा माझ्या आणि त्यांच्या मध्ये आले. मुद्दाम आले की घाबरून इकडचे तिकडे झाले, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण त्या क्षणी त्यांची पाठ माझ्यासमोर होती. "लहान आहे साहेब, लहान आहे," ते हात जोडून म्हणत होते. "चला व्हा बाहेर," फौजदार ओरडले. आत्याला आत नेलं. डबा तिच्या हातात होता. तिने वळून पाहिलं नाही. तिने माझं ऐकलं का, कळलं का, ती काय करणार, काहीच समजायला मार्ग नव्हता.

घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "हिच्यापायी आता सगळे आत जाऊ." आई म्हणाली, "जाऊ." एवढंच बोलली आणि स्टोव्हकडे वळली. आत्याला नेलं त्याच संध्याकाळी शेजारणीने गुपचूप एक बाटली रॉकेल दाराशी ठेवलं होतं.

त्या दरम्यान हिरामण पाटलांची बायको आमच्याकडे आली. जिन्यावर पावलं वाजली, दुसरा मजला ओलांडून वर चढली, आणि दारात जनाबाई उभी. कपाळ मोकळं, अंगावर शाल. ती शिव्याशाप द्यायला आली आहे असंच आम्हाला वाटलं. आईने तिला पाणी दिलं. ते न पिता तिने विचारलं, "कमलबाय कुठं हाय?"

"चौकीतच आहे अजून," आई म्हणाली. "जनाबाई, तिने काही केलं नाही हो."

"मना ठावं हाय. माज्या मानसाला रोज च्या द्याची ती. ती कशाला जालंल त्याला?" मग ती खाली बसली आणि तिला रडू फुटलं. "शेठ आलता घरी त्याच राती, मानूस गेला म्हनून. लोकांसमोर बोलला, त्या गोदामातल्या पानी लागनाऱ्या वायरी बदलाच्या होत्या, राहून गेलं. माज्या दिरानंबी आयकलं, गावच्या पाटलांनीबी आयकलं. आनि आता कमलबायचं नाव घेतो."

आईने मला खाली पिटाळलं. लिमये जिना चढून आले ते धापा टाकतच. जनाबाईकडून त्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, बघा. हीसुद्धा कबुलीच. गुन्हा केला असं तो म्हणत नाही, पण वायर खराब होती आणि मला माहीत होतं, एवढं त्याच्या तोंडून गेलंय. आणि पोलिसांपुढे नाही, गावापुढे." त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा जराशी आशा दिसली. पण सगळं होतं ते आत्या काय बोलते यावर. तिने कबुलीजबाब दिला तर जनाबाईच्या बोलण्याला कोण विचारणार होतं?

ठाण्याच्या कोर्टात तिला आणलं तेव्हा आम्ही व्हरांड्यात उभे होतो. मॅजिस्ट्रेटनी पोलिसांना बाहेर काढलं आणि दार लावलं. फौजदार आमच्यापासून थोड्या अंतरावर उभे राहून विडी ओढत होते. लिमये आपल्या कोटाची बटणं लावत होते आणि काढत होते. बाबा बाकावर बसून ओठांतल्या ओठांत त्रिशरण म्हणत होते. आवाज खणखणीत नव्हता. आई उभीच राहिली. मी दाराकडे बघत राहिले. दार उघडलं, पण आत्या बाहेर आली ती तुरुंगाच्या शिपायांबरोबर. आम्हाला वाटलं संपलं सगळं. लिमये धावत कारकुनाकडे गेले आणि परत येऊन म्हणाले, "विचार करायला वेळ दिलाय. उद्या पुन्हा. आजची रात्र तुरुंगात, चौकीत नाही." आम्ही ठाण्याला लिमयांच्या एका नातेवाइकांकडे राहिलो. कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच दार, तसाच व्हरांडा. आत काय झालं ते आत्याने आम्हाला खूप पुढे सांगितलं. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते. त्यांनी तिला पाणी दिलं. मग सांगितलं की बाई, तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही. बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. आणि नाही बोललात तरी मी तुम्हाला परत पोलिसांच्या ताब्यात देणार नाही. "ते शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं," आत्या म्हणाली. "दादासाठी बोलून टाकायचं ठरवूनच गेले होते मी. पण परत तिकडे नेणार नाहीत म्हटल्यावर हातपाय हलके झाले. मग म्हटलं, वैजू बोलली तेवढंच बोलावं." आणि ती बोलली. स्टोव्ह मी पेटवला. चहा केला. वात खाली केली, फुंकून विझवला, वर झाकण ठेवलं. सगळं पेटेल असं मी शेठला म्हणाले होते, कारण पिंपं शेडमध्ये आणली होती. गोदाम मी पेटवलं नाही. हिरामणदादांना मी मारलं नाही.

मॅजिस्ट्रेटनी ते लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. दार उघडलं. कारकुनाने फौजदारांना बोलावलं आणि आतून मॅजिस्ट्रेटचा आवाज आला, तो आम्हाला सगळ्यांना ऐकू गेला. "हा कबुलीजबाब नाही." आई तिथेच फरशीवर बसली. मी तिला आयुष्यात तेव्हाच एकदा हुंदके देऊन रडताना पाहिलं.

ती लगेच सुटली असं नाही. जामिनाला वेळ लागला, खटला उभा राहिला, आणि तो चालू होता तोवर आमची भीती संपली नाही. तिचं रूप फक्त बदललं. दर तारखेला आई न जेवताच कोर्टात यायची. लिमयांनी ठाण्याच्या एका जाणत्या वकिलाला बरोबर घेतलं, पण मालकाची उलटतपासणी त्यांनी स्वतः केली, खोकत खोकत. स्टोव्ह शेडमध्ये सापडला होता, झाकणासकट. आग सुरू झाली होती मागच्या गोदामात. रॉकेलचा डबा आत्याने काढून दिला नव्हता, आमच्या स्वयंपाकघरातून उचलला होता, हे शिपायालाच सांगावं लागलं. वायरींबद्दल मालकाने साफ नाही म्हटलं. मग जनाबाई पिंजऱ्यात उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरला आणि आपल्या बोलीत, एका शब्दाचाही फरक न करता, तो काय म्हणाला होता ते सांगितलं. आत्या निर्दोष सुटली.

सुटली, पण आमच्याकडे राहिली नाही. भांडण झालं नाही, बोलाचाली झाली नाही. एक दिवस तिने सांगितलं की उरणजवळ मोरा बंदरावर कोळ्यांच्या वस्तीत बालवाडी सुरू होते आहे, तिथे मी जाते. बाबा म्हणाले, "इथं काय कमी आहे?" ती म्हणाली, "काही नाही रे दादा." आणि गेली. भाकऱ्या परत आईच्या हातच्या झाल्या, जाडसर. बाबा चौकीतल्या त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. आम्हीही तो विषय काढला नाही. वर्षातून दोनदा आत्या यायची, जेवायची, बसने परत जायची. बाबा मात्र तिच्याकडे कधी गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे.

शेवटी तिच्याकडे गेले ते निवृत्त झाल्यावर. मला म्हणाले, "मला मोऱ्याला घेऊन चल." तोवर माझं लग्न झालं होतं, मी मुंबईत राहत होते. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने गेलो. आत्याची खोली धक्क्यापासून जवळच होती. पुढे ओटा, ओट्यावर बोंबील वाळत घातलेले, आणि वस्तीतली पोरं तिच्या अंगाखांद्यावर. तिने बोंबील बाजूला सारून बाबांना बसायला जागा केली. आत जाऊन चहा करून आणला. बाबांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. समोर पाणी मागे हटत चाललं होतं. मग ते म्हणाले, "कमल, तेव्हा चौकीत मी तुला कबूल कर म्हणालो होतो."

"म्हणाला होतास," आत्या म्हणाली.

"तुझ्या तोंडाला लागलेलं मी पाहिलं होतं."

"हं."

आता पुढचं वाक्य येणार, असं मला वाटत होतं. आत्यालाही वाटत असावं. ती बोंबील उलटायचं थांबवून त्यांच्याकडे बघत होती, तशीच, जशी तेव्हा बघत राहिली होती. बाबांचे ओठ हलले. पण ते पुढे काही बोलू शकले नाहीत. कप त्यांच्या हातात कलंडला, चहा धोतरावर सांडला. आत्याने उठून कप त्यांच्या हातातून काढून घेतला, पदराने त्यांचा हात पुसला.

"ओहोटी लागली," ती म्हणाली. "आता लाँच सुटायची नाही. राहा आज इथंच. मी भाकऱ्या टाकते."

आणि बाबा राहिले. रात्री झोपायची वेळ झाली तसे ते सवयीने उठले, दारापाशी गेले, कडीला हात लावला. मग आत्याकडे वळून त्यांनी विचारलं, "लावू का गं?"

"नको," ती अंथरुणावरून म्हणाली. "वारा येतो."

त्यांनी दार तसंच उघडं ठेवलं आणि येऊन आडवे झाले.